आधी संगणकानं वाजवलं, मग पायांनी

मंडळी, आजचा विषय जरा कर्कश आहे. ज्यांचा शनिवार खळेकाकांच्या चालींनी सुरू होतो त्यांनी आवाज बारीक करून वाचावं, पण वाचावं जरूर. कारण गोष्ट नुसत्या आरडाओरड्याची नाही. गोष्ट आहे अशा एका गाण्याची, जे ते करणाऱ्या बँडलाच आधी धड वाजवता येत नव्हतं.

बँडचं नाव मेशुगा. मूळचे स्वीडनचे. नाव मात्र हिब्रू-यिडिशमधलं, अर्थ 'वेडा'. गाण्याचं नाव 'ब्लीड', अल्बम 'ऑबझेन', साल २००८. सव्वासात मिनिटांच्या वर चालतं. या गाण्याबद्दल बँडचा ड्रमर टोमास हाके यानं सांगून ठेवलंय की अल्बममधल्या बाकी सगळ्या गाण्यांच्या सरावाला मिळून जेवढा वेळ गेला, तेवढा या एकट्या गाण्याला गेला. पाय चालवायची जुनी पद्धत बाजूला ठेवून नवी शिकावी लागली. आणि मधे काही काळ तर हे गाणं अल्बममध्ये जाणार की नाही, याचाच पत्ता नव्हता.

आता हा हाके काही नवशिका नव्हे. १९९० पासून तो या बँडमध्ये आहे आणि २००८ पर्यंत जगभरचे ड्रमर त्याच्याकडे बघून कानाला हात लावत होते. मग स्वतःच्याच बँडचं गाणं त्याला का येईना? आणि वाजवणाऱ्यालाच येत नव्हतं, तर मग ते रचलं कुणी, कसं? या दोन प्रश्नांच्या मागे लागलं की हेवी मेटलच्या इतिहासातला एक मोठा मजेदार धागा हाती येतो. तो म्हणजे शरीर आणि यंत्र यांची झटापट.

धाग्याचं एक टोक थेट १९६५ च्या बर्मिंगहॅममध्ये, एका पत्र्याच्या कारखान्यात आहे. सतरा वर्षांचा टोनी आयोमी तिथं कामाला होता. गिटार वाजवायचा, बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, कारखान्यातला शेवटचा दिवस. आणि नेमक्या त्याच दिवशी यंत्रात हात सापडून उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे हाच त्याचा तारा दाबायचा हात! संपलं सगळं, असं वाटत असताना कारखान्यातल्या साहेबानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचा हात आगीत भाजला होता आणि तो मुख्यतः दोनच बोटांनी सूर काढायचा. आयोमीनं मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं आणि पुन्हा सुरू झाला. तारा बारीक घेतल्या. पुढे त्या सैलही करायला लागला, कारण सैल तार दाबायला सोपी. ब्लॅक सबाथच्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बममधल्या बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवलेली आहे. तार सैल म्हणजे सूर खाली, आवाज जड. 'हेवी' या शब्दाला कानाला कळेल असा अर्थ आला तो अशा प्रकारे, एका जखमी हाताच्या सोयीसाठी.

म्हणजे यंत्रानं बोट कापलं, माणसानं तोडगा काढला आणि तोडग्यातून शैली जन्माला आली. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढे तो उलटा होणार आहे.

आता बर्मिंगहॅमहून उडी उत्तर स्वीडनमध्ये. स्टॉकहोमपासून सहाशेहून जास्त किलोमीटर वर उमेओ नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. करायचं काय? तिथल्या पोरांनी बँड काढले. स्वीडनमध्ये प्रौढ शिक्षणासाठी ज्या संस्था आहेत त्यांच्याकडून बँडना सरावाची जागा मिळायची, त्याचाही मोठा हात आहे. एवढ्याशा गावातून 'रिफ्यूज्ड' आला आणि त्याआधी १९८७ मध्ये मेशुगा आला. गायक येन्स किडमन, गिटारवर फ्रेड्रिक थोर्डेन्डाल. ड्रमवर हाके १९९० मध्ये आला, दुसरा गिटारवाला मॉर्टेन हागस्ट्रोम त्याच्याही नंतर.

आणि गंमत बघा, इथंही बोट कापलं गेलंच. थोर्डेन्डाल पोटासाठी सुतारकाम करायचा. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात एका अपघातात त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक तुटलं. त्याच सुमारास हाकेचाही हात एका यंत्रात जायबंदी झाला. कित्येक महिने बँड मंचावर नाही. थोर्डेन्डालचं नशीब आयोमीपेक्षा बरं, त्याचं टोक पुन्हा जोडता आलं. ही मंडळी पुन्हा उभी राहिली आणि १९९५ मध्ये 'डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह' काढला. तिथपासून त्यांचं जे काही सुरू झालं, ते कळायला थोडा ताल मांडून बघावा लागेल.

घाबरू नका, मराठी माणसाला हे सोपं आहे. पाश्चात्त्य संगीतात चार ठोक्यांचा एक बार असतो. प्रत्येक ठोक्याचे चार बारीक भाग केले की झाले सोळा. त्या एका बारीक भागाला आपण मात्रा म्हणूया. सोळा मात्रांचं आवर्तन. ओळखीचं वाटतंय ना?

माझा एक आतेभाऊ तबला शिकवतो. त्याला मी मेशुगाचं १९९८ च्या 'केऑस्फिअर'मधलं 'न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट' ऐकवलं होतं. आधी चेहरा असा केला, की जणू मी त्याला चहात मीठ घालून दिलंय. पण तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि मांडीवर बोटं चालायला लागली.

"अरे, हा तर सरळ तीनतालात चाललाय की!"

"दादा, लोक म्हणतात याचा ताल कुणाला कळतच नाही."

"न कळायला काय झालं? वरची ती झांज ऐक, ती ठेका सोडत नाहीये. गिटारवाला मात्र लांबडी चीज घेऊन फिरतोय. सम दिसत नाही म्हणून लोक घाबरतात."

अगदी बरोबर. त्या गाण्यात गिटारचा एक तुकडा २३ मात्रांचा आहे. तो सोळाच्या आवर्तनावर फिरायला लागला की प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी सुरू होतो. पाच वेळा वाजला की झाल्या ११५ मात्रा. मग त्यालाच कापून १३ मात्रांचा एक तुकडा जोडतात. ११५ अधिक १३ म्हणजे १२८. आणि १२८ म्हणजे सोळाची बरोबर आठ आवर्तनं! सगळे एकदम समेवर. तिहाई नव्हे ही, तीनदा वगैरे काही नाही. पण लांब भटकून हिशेबानं समेवर येऊन आदळायचं जे सुख आपल्याला माहीत आहे, ते तेच. (मेशुगानं हे आपल्याकडून उचललं असं मी बिलकुल म्हणत नाहीये. 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' छापाच्या निरोपांत कृपया या लेखाची भर घालू नये. सोळाचा हिशेब कुणाच्या बापाचा नाही.)

हागस्ट्रोमनंही हेच सांगितलंय. लोक आमच्यावर विचित्र तालांचा आरोप करतात, पण आमचं सगळं चारच्या पायावरच उभं असतं, त्याभोवतीची मांडणी तेवढी वेगळी असते, अशा अर्थाचं. २००७ मध्ये जोनाथन पीस्लॅक या अभ्यासकानं 'म्युझिक थिअरी स्पेक्ट्रम' या भारदस्त नियतकालिकात मेशुगाच्या तालावर अख्खा प्रबंध लिहिला, त्यातही ही दोन पातळ्यांवरची मांडणी नीट उलगडून दाखवली आहे. एवढ्या आरडाओरड्यावर एवढं शांत लेखन मी दुसरं वाचलेलं नाही. :)

आता यातली खरी अडचण बघा. दोन ताल दोन वेगळ्या माणसांनी वाजवायचे असते तर सोपं होतं. पण मेशुगात ड्रमरचे हात ठेका दाखवतात आणि पाय गिटारबरोबर जातात. म्हणजे उजवा हात झांजेवर सरळ चार मोजतोय, डावा हात मधे ठरलेल्या जागी स्नेअरवर आपटतोय आणि खाली दोन पाय दोन पेडलवर ती २३ ची भानगड निस्तरताहेत. एकाच डोक्यात ठेका धरणारा आणि लय तोडणारा दोघंही बसलेत. करून बघा: हातानं टेबलावर चार मोजत पायानं तीन-तीनचे गट टाका. पहिल्या मिनिटात हात पायाला फितूर होतो.

आणि इथं संगणक येतो. (मी सॉफ्टवेअरवाला, त्याला आणल्याशिवाय माझा लेख पुरा कसा होणार?)

संगणकावर ड्रम लिहायचं म्हणजे एक आलेखाचा कागद समजा. आडवा अक्ष काळाचा, त्याच्यावर मात्रांच्या रेघा. उभ्या अक्षावर एकेक वाद्य: झांज, स्नेअर, किक. ज्या चौकटीत ठिपका द्याल तिथं ठोका पडणार. इथं हात-पाय हा प्रकारच नाही. झांजेची ओळ सरळ चारात भरा, किकची ओळ २३ मध्ये भरा, एकमेकांना कळतसुद्धा नाही. कागदाला दम लागत नाही. कागदाचा पाय दुखत नाही.

उमेओमध्येच टूनट्रॅक नावाची कंपनी आहे. तिनं 'ड्रमकिट फ्रॉम हेल' नावाचा ड्रमच्या आवाजांचा संग्रह काढला. एकच ड्रम हळू, मध्यम, जोरात असा पुन्हा पुन्हा वाजवून प्रत्येक ठोका ध्वनिमुद्रित करायचा, म्हणजे संगणकानं वाजवताना तोच तोच ठोका ऐकू येत नाही आणि आवाज खऱ्यासारखा वाटतो. आणि हे ठोके वाजवले होते कुणी? टोमास हाकेनं. म्हणजे हाकेचे ठोके आता हाकेशिवाय वाजू शकत होते.

बँडनं त्याचा पुरता फायदा घेतला. गाणं लिहिताना प्रत्येक जण संगणकासमोर बसून गिटारबरोबर ड्रमही मांडून आणायला लागला. ड्रमरनं खोलीत हजर असायची गरज उरली नाही. लांबलचक रचनांची ओढ त्यांना आधीपासून होतीच. थोर्डेन्डालनं १९९७ मध्ये 'सोल नायजर विदिन' नावाचा एकट्याचा अल्बम काढला होता, तो म्हणजे तुकड्या-तुकड्यांत विभागलेली एकच सलग रचना. २००४ मध्ये मेशुगानं 'आय' काढलं, २१ मिनिटांचं एकच गाणं. त्याचा बराच भाग हाके आणि थोर्डेन्डाल यांनी आधी काहीही न ठरवता एकत्र वाजवून काढला आणि मग तो जोडून, मांडून, बाकीच्यांनी बसवला. तिथं निदान सुरुवात तरी शरीरातून झाली होती.

मे २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'त मात्र पूर्ण उलटी बाजू. १३ भाग, ४७ मिनिटं, सलग एकच रचना, आणि सगळे ड्रम संगणकावर. हाके हयात, धडधाकट, बँडमध्येच, पण अल्बमवर ड्रम वाजवणारा तो नाही. किंवा असं म्हणा, आवाज त्याचा, वाजवणारा तो नाही.

तेव्हा यावरून मेटलवाल्यांत भरपूर डोकेफोड झाली. मेटलमध्ये घामाला फार मान आहे. संगणकावर ठिपके देऊन ड्रम केले म्हणजे फसवाफसवी, असा सूर. मला ते कधी पटलं नाही. 'कॅच थर्टीथ्री' ही कागदावर मांडलेली रचना आहे आणि तशीच ऐकली तर अप्रतिम आहे. एकच कल्पना ४७ मिनिटं फिरवत, पीळ देत राहते. घर बांधणाऱ्या वास्तुरचनाकाराला कुणी विचारत नाही की विटा तू उचलल्यास का. शिवाय पुढे बँडनं त्यातले भाग मंचावर वाजवायला घेतले तेव्हा ते हाकेलाच शिकावे लागले. म्हणजे ज्या यंत्राला त्यानं आवाज दिला, त्याच यंत्राकडून त्यानं शिकवणी घेतली!

म्हणून 'ब्लीड'ची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 'ऑबझेन' करताना बँडनं ठरवलं की ड्रम पुन्हा माणूस वाजवणार. पण लिहायची सवय तर बदलली होती. चार-पाच वर्षं तुम्ही कागदावर हवं ते मांडायला सरावलात की तुमची कल्पना पायांना विचारून पुढे जात नाही. मांडून झाल्यावर मग पायांना कळवलं जातं. आमच्याकडे याला विक्रीवाल्यांनी ग्राहकाला दिलेला शब्द म्हणतात. :)

'ब्लीड'मध्ये काय मांडलं होतं? ऐकायला सोपं, करायला महाकठीण असं काहीतरी. मूळ गट तीन मात्रांचा. पहिल्या मात्रेत दोन ठोके, पुढच्या दोन मात्रांत एकेक. तोंडानं म्हणून बघा: तिट धा धा, तिट धा धा. तीन मात्रांत चार ठोके. पाश्चात्त्य ड्रमर याला 'हर्टा' म्हणतात. हा तीनचा गट सोळाच्या आवर्तनावर नीट बसत नाहीच, पंधरावर पाच गट संपतात आणि एक मात्रा उरते. त्यात गाण्यात हे गट जागोजाग तोडलेत, मधे श्वास टाकलेत, लांबी बदललीय. गती साधारण मिनिटाला ११५ ठोके. म्हणजे आपली एक मात्रा सेकंदाच्या आठव्या भागाहूनही किंचित लांब, आणि ते 'तिट'मधले दोन ठोके एकमेकांपासून सेकंदाच्या पंधराव्या भागावर. सरासरी काढली तर पाय सेकंदाला दहा ठोके मारताहेत. सव्वासात मिनिटांच्या गाण्यात बहुतेक वेळ हेच.

वेगवान ड्रमर जगात कमी नाहीत. सेकंदाला दहाच काय, त्याहूनही जास्त ठोके मारणारे आहेत. पण ते सारखे ठोके असतात. टकटकटकटक, दोन पाय आलटून पालटून, सायकल मारल्यासारखे. एकदा लय लागली की शरीर आपोआप धावतं. 'ब्लीड'मध्ये धावता येत नाही. दोन पटकन, दोन सावकाश, दोन पटकन, दोन सावकाश. म्हणजे शंभर मीटर पळताना दर दोन पावलांनंतर लंगडायचं, तेही मोजून. स्नायूंना जी एकसारखी गती हवी असते, तीच नेमकी इथं काढून घेतलीय. हाके म्हणाला की पाय वापरायची सगळी पद्धतच बदलावी लागली, त्याचा अर्थ हा. त्याची आधीची कमाई इथं चालत नव्हती. नवं नाणं पाडायला लागलं.

आणि फक्त हाकेच नाही बरं का. गिटारवाल्यांचा उजवा हातही तोच नमुना, पायांच्या बरोबरीनं, सव्वासात मिनिटं ओढतोय. तेही आठ तारांच्या गिटारवर. या गिटारचीही छोटीशी कथा आहे. २००२ च्या 'नथिंग' अल्बमसाठी त्यांनी खास आठ तारांच्या गिटार बनवून घेतल्या होत्या, पण त्या नीट निघाल्या नाहीत, म्हणून सात तारांच्या गिटार ढिल्या करून काम भागवलं. पुढे चांगल्या गिटार मिळाल्यावर गिटारचे भाग पुन्हा वाजवून तोच अल्बम २००६ मध्ये परत काढला. सगळ्यात जाड तार 'एफ'ला लावलेली असते, कंपनं सेकंदाला ४४ च्या आसपास. साध्या गिटारची जाड तार ८२ वर, बेस गिटारची ४१ वर. म्हणजे गिटार जवळजवळ बेसच्या घरात शिरलीय. या खोलीवर सुरांचं फारसं काही उरत नाही. तार म्हणजे सूर असलेला ढोलच. म्हणून मेशुगाच्या गाण्यात चाल शोधू नका, चाल तालातच आहे. आयोमीनं १९७१ मध्ये ज्या उतारावर पाऊल टाकलं, त्याच्या तळाशी ही मंडळी पोचली होती.

सराव चालू असताना त्यांच्यापुढे दोन सोपे रस्ते होते, हे विसरू नका. एक म्हणजे कागद बदलायचा. पायांना झेपेल इतका नमुना सोपा करायचा, ऐकणाऱ्यांतल्या शंभरातल्या नव्वदांना कळलंही नसतं. दुसरा म्हणजे संगणकालाच वाजवू द्यायचं, 'कॅच थर्टीथ्री'सारखं. तो रस्ता तर त्यांनी स्वतःच बांधला होता, आवाजही तयार होता. तिसरा रस्ता, म्हणजे कागद तसाच ठेवायचा आणि माणूस बदलायचा, हा सगळ्यात महाग. तारखा चुकतात, मन खचतं आणि शेवटी जमेलच याची हमी नाही. त्यांनी तो घेतला.

गाणं ऐकताना हा निर्णय ऐकू येतो, असं माझं म्हणणं आहे. यंत्रानं वाजवलेल्या 'कॅच थर्टीथ्री'त एक थंडपणा आहे, आणि तो तिथं शोभतो. 'ब्लीड'मध्ये ताण आहे. हा माणूस आता चुकणार, आता चुकणार, असं वाटत राहतं आणि तो चुकत नाही. आपल्याकडे द्रुत लयीत तबलजी आणि सतारिया एकमेकांना पळवायला लागले की आपण खुर्चीच्या कडेला येतो, ते का? सूर तर आधीच्या विलंबितातही चांगलेच होते. कडेला येतो ते समोर एक माणूस त्याच्या कुवतीच्या टोकावर उभा आहे म्हणून. यंत्राला टोक नसतं, म्हणून तिथं ही भीती नसते आणि म्हणून ही मजाही नसते.

पण म्हणून यंत्र नकोच, असं म्हणणाऱ्यांनाही इथं उत्तर आहे. नुसतं शरीराच्या भरवशावर बसले असते तर हा नमुना सुचलाच नसता. ड्रमर खोलीत बसून जे काढतो ते त्याच्या हातापायांच्या सवयीतून निघतं, आपण नेहमीच्या वाटेनं घरी जातो तसं. कागदावर मांडलं म्हणून ती वाट मोडली. आयोमीच्या वेळी आधी शरीर अडलं आणि त्यातून संगीत बदललं. इथं आधी संगीत बदललं आणि त्याच्यामागून शरीराला जावं लागलं. क्रम उलटा होणार म्हणालो होतो तो हा.

पुढचं थोडक्यात. 'ब्लीड' मेशुगाच्या कार्यक्रमांचा कायमचा भाग झालं. जे गाणं अल्बमलाही मुकणार होतं ते हाकेनं वर्षानुवर्षं दौऱ्यांवर वाजवलं. जगभरची पोरं घरात ड्रमवर ते बसवून त्याचे व्हिडिओ टाकायला लागली. आज विशीतल्या ड्रमरसाठी ती जणू एक परीक्षाच आहे, पास व्हायची. २००८ मध्ये जगातल्या अव्वल ड्रमरला जे अशक्याच्या सीमेवर वाटत होतं, ते आता शिकवणीच्या अभ्यासक्रमात आहे. एकदा कुणीतरी करून दाखवलं की बाकीच्यांच्या पायांना ते शक्य वाटायला लागतं, हे काही फक्त धावपटूंबाबत खरं नाही. आणि बँड? २०१६ च्या 'द व्हायोलंट स्लीप ऑफ रीझन'साठी ते आणखी एक पाऊल मागे, किंवा पुढे, गेले आणि सगळ्यांनी मिळून एकत्र वाजवत ध्वनिमुद्रण केलं. चौकटीत काटेकोर बसवलेलं ऐकून त्यांनाच कंटाळा आला होता. थोडं मागेपुढे होऊ दे, माणसं आहोत.

हे सगळं लिहायचं कारण काय, तर हल्ली माझ्या धंद्यातही रोज हाच प्रश्न टेबलावर असतो. यंत्र कोड लिहून देतं, चांगला देतं. मग आमच्यातले निम्मे म्हणतात ही फसवाफसवी, आणि उरलेले म्हणतात आता शिकायचं कशाला. 'ब्लीड'पुढे दोघांचंही म्हणणं मला अपुरं वाटतं. यंत्राच्या मदतीनं आपल्या सवयीपलीकडचं काही मांडता आलं, तर मांडावंच की. पण मांडलेलं आपल्या अंगात उतरवायचं की नाही, हा निर्णय वेगळा. तो यंत्र घेत नाही. आणि त्याला सहा महिने लागले तर लागतात.

असो. ऐकायचं असेल तर एक युक्ती सांगतो. पहिल्यांदा ऐकताना गिटार, पाय, किडमनचं ओरडणं सगळं सोडून द्या आणि फक्त झांज धरा. एक, दोन, तीन, चार. बोटानं मांडीवर मोजत राहा, काहीही झालं तरी सोडू नका. दुसऱ्यांदा ऐकताना झांज सोडा आणि पायांबरोबर 'तिट धा धा' म्हणा. तिसऱ्यांदा दोन्ही एकदम धरायचा प्रयत्न करा. जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, हाकेलाही लगेच जमलं नव्हतं. शेजाऱ्यांना मात्र आधी कल्पना देऊन ठेवा.